उसण भरली की डिस्क सरकली? इंझोरीच्या बाजेवरून

मी इंझोरीवरून बोलतोय. मानोरा तालुका, वाशीम जिल्हा. ज्यांची पाठ आत्ता या क्षणी ठणकतेय त्यांनी आधी एक काम करा. खाली सतरंजी टाका, उताणे झोपा आणि दोन्ही पोटऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा, म्हणजे गुडघे काटकोनात येतील. मोबाईल छातीवर धरू नका, बाजूला जमिनीवर ठेवा. आता ऐका. वाचत असाल तर वाचन दहा मिनिटांनी करा, काही बिघडत नाही.

मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. मी वर्षातले दहा महिने लॅपटॉपसमोर खुर्चीत बसणारा आणि सोयाबीन निघालं की एकदम कट्टे उचलायला धावणारा माणूस आहे. फिजिओथेरपिस्ट बाई मला म्हणाल्या की हाच प्रकार सगळ्यात वाईट. रोज उचलणाऱ्याच्या पाठीला सवय असते. आपल्याला फक्त हौस असते.

झालं असं, की कट्टा ट्रॉलीत टाकताना मी कमरेत वाकलो, उचलला आणि तसाच वळलो. कट्टकन आवाज बिवाज काही आला नाही. संध्याकाळी पाठ आखडली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंक आली आणि कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ गेली. मी भिंत धरून उभा. आजीनं बाजेवरून निदान केलं, "काही नाही, उसण भरली तुले. पायाळूची लाथ बसली का जाते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्यानं कमरेत लाथ मारली की उसण जाते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. आमच्या गल्लीत असा एक जण आहे. मला अंगणात पालथं घातलं, तो बिचारा चप्पल काढून तयार. तेवढ्यात काका आले. "लाथगित काही मारू नका. आधी त्याले टाचांवर चालू द्या."

काकांनी बरीच वर्षं काळीपिवळी चालवली. त्यांना असंच झालं होतं. पाठ, मग पाय, मग सगळे म्हणाले उसण आहे, आपोआप जाईल. आणि गेलीही! दुखणं कमी झालं. फक्त उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. आम्ही हसायचो. काका चप्पल हरवतात, हा घरातला विनोद झाला होता. दोन महिन्यांनी दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पंजा वर उचलायला सांगितलं, तो उचलेना. ऑपरेशन झालं, पण नस फार दिवस दाबली गेली होती. काकांचा पाय अजून थोडा घासतो. हा विनोद आता घरात कोणी करत नाही.

म्हणून काकांची परीक्षा आधी सांगतो. भिंतीला हात लावून दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. दोन्ही जमलं, दोन्ही पाय सारखे उचलले गेले, तर तुम्ही बहुधा घरी उपचार करण्यासारखे आहात. एक पाय खाली पडतोय, तर दुखणं असो वा नसो, डॉक्टर. दुखणं कमी झालं म्हणून नस सुटली असं नसतं.

आता डिस्क म्हणजे काय ते. आपल्या मणक्यांच्या मध्ये २३ गाद्या असतात. बाहेरून चिवट कडी, आत मऊ लगदा. पुरणपोळी लाटताना एका बाजूला जोर जास्त पडला की तिथून पुरण डोकावतं, तसंच. गादी सरकत नाही, 'स्लिप डिस्क' हे नावच चुकीचं आहे. कडीला चीर पडते आणि लगदा मागच्या नसेकडे येतो. बहुतेक वेळा हे कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांमध्ये होतं, रिपोर्टात ज्यांना एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ लिहितात. याच भागातल्या नसा पायात जातात. म्हणून बिघाड कमरेत आणि बोंब पोटरीत.

जर्मनीत १९९९ साली एका निरोगी माणसाच्या कमरेच्या गादीतच दाब मोजायचं यंत्र बसवलं आणि त्याला नाना प्रकारे बसवून, उठवून बघितलं. उताणं झोपल्यावर जो दाब होता, त्याच्या पाचपट उभं राहिल्यावर. आणि पाठ गोल करून २० किलो वजन उचललं तेव्हा उभं राहण्याच्याही चौपटीहून जास्त. तेच वजन गुडघ्यात वाकून उचललं तर दाब बराच कमी. उचललेलं वजन अंगाशी धरण्यापेक्षा हात लांब करून धरलं तर पुन्हा जास्त. आता फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की साधारण तेवढाच जड होतो आणि आपला कट्टा तर त्याच्या दुपटीहून मोठा. तुम्हीच हिशेब करा.

पण घाबरवायला हे सांगत नाहीये. उलट सगळ्यात चांगली गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती, ती ही की बाहेर आलेला लगदा शरीर स्वतःच खाऊन टाकतं. रक्तातल्या पेशी त्याला परका समजतात आणि हळूहळू संपवतात. गंमत म्हणजे जो तुकडा जास्त बाहेर आलेला असतो, तो आटण्याची शक्यता जास्त. याला वेळ लागतो, सहा ते बारा आठवडे, कधी जास्त. घरच्या उपायांचं काम गादी 'आत ढकलणं' नाही. ती कोणाच्या लाथेनं जात नाही आणि मालिशनंही जात नाही. तोवर नस शांत ठेवायची, हलतं राहायचं आणि परत दुखापत करून घ्यायची नाही, एवढंच काम.

मग झोपून राहू का महिनाभर? मला सगळ्यांनी तेच सांगितलं. नेदरलँड्समध्ये पायात कळ जाणाऱ्या १८३ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, १९९९ मध्येच छापून आला. अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, अर्ध्यांना जमेल तसं फिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८७ टक्के लोक सुधारले होते. म्हणजे झोपून काही जास्त मिळालं नाही, फक्त पायांची ताकद आणि मजुरी गेली असणार. पहिले दोन दिवस फार कळ असेल तर झोपा, पण जागेपणी दर तासाला उठून अंगणात दोन चकरा मारा.

झोपायचं कसं, हे महत्त्वाचं. बाजेची सुंभ सैल पडलेली असते, मधे झोळ येतो आणि आपण त्यात केळ्यासारखे वाकून झोपतो. मी बाज सोडली आणि जमिनीवर पातळ गादी टाकली. कुशीवर झोपायचं तर दोन गुडघ्यांत उशी. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी पूर्ण कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातानं रेटा द्या. जमिनीवरून उठायचं तर कुशीवरून हातागुडघ्यांवर या आणि खुर्ची धरून उभे राहा. पहिल्या दिवशी मला यालाच पाच मिनिटं लागली.

सकाळचा पहिला तास जपा. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून आपण सकाळी संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो, आणि फुगलेली गादी वाकण्यानं जास्त ताणली जाते. वाशीम जिल्हा झाला त्याच १९९८ साली अमेरिकेत एक अभ्यास आला, त्यात लोकांना फक्त एवढंच शिकवलं होतं की सकाळी उठल्या उठल्या वाकू नका. तेवढ्यानं जुनी कंबरदुखी कमी झाली. आता आपल्याकडे उठल्या उठल्या काय काय असतं? झाडणं, सडा, पाण्याचे गुंड, गोठा. पोरांनो, घरात आईची कंबर दुखत असेल तर तेवढा तास झाडू तुम्ही हातात घ्या. हा उपाय फुकट आहे आणि बामापेक्षा चांगला आहे.

शौचाला खाली बसणं हा एक मोठा छळ. मधे भोक असलेली खुर्ची मिळते, ती आठ-दहा दिवस वापरा. लाज कसली? पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा, कारण कुंथलं की कळ थेट पायात.

आता पालथं झोपणं. याची गोष्ट मला फार आवडते. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाचा तरुण फिजिओथेरपिस्ट होता. एका रुग्णाला त्यानं सांगितलं, आत जाऊन पालथे झोपा, मी येतो. टेबलाचं एक टोक आधीच्या रुग्णासाठी वर उचललेलं होतं. हा भला माणूस तसाच त्यावर पालथा झोपला, पाठ मागे कमानीसारखी वाकलेली. मॅकेन्झी येऊन बघतो तर घाबरला, पण रुग्ण म्हणाला की तीन आठवड्यांत पहिल्यांदा पायातलं दुखणं गेलं. त्यातूनच पुढे त्याची व्यायामपद्धत उभी राहिली.

मी ती अशी केली. दोन-तीन मिनिटं नुसतं पालथं पडायचं. मग कोपरांवर यायचं, आपण रील बघताना पडतो तसं. ते सोसलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तळहात टेकून छाती उचलायची, कंबर जमिनीलाच, सावकाश दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. यात एक खूण नीट लक्षात ठेवा. दुखणं पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत असं वर सरकत असेल, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चांगलं चाललंय. उलट पायात खाली उतरत असेल तर लगेच थांबा, हा व्यायाम तुमचा नाही. सगळ्यांना तो चालत नाही, विशेषतः उतारवयात ज्यांना वाकल्यावर बरं वाटतं त्यांना. आणि यूट्यूबवर बघून पाय सरळ ठेवून अंगठे धरायला जाऊ नका, निदान पहिला महिना तरी.

शेकाबद्दल थोडक्यात. मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधा, पंधरा-वीस मिनिटं शेका. नस बरी होत नाही, पण आखडलेले स्नायू सैल होतात. जिथे बधिर आहे तिथे शेकू नका, भाजलेलं कळत नाही.

गोळ्यांबद्दल मात्र जरा थांबून बोलतो. आयबुप्रोफेनसारखी गोळी काही दिवस, पोटात भाकर गेल्यावर, चालते. पण किडनी, बीपी, हृदयाचा त्रास, अल्सर किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दोन वेगवेगळ्या नावांच्या वेदनाशामक गोळ्या एकत्र तर कधीच नाही, नाव वेगळं असलं तरी औषध बहुतेक त्याच जातीचं असतं. आणि आपल्या उन्हात दिवसभर कमी पाणी पिऊन राबायचं, रात्री पेनकिलर, सकाळी परत, हे किडनीला परवडत नाही. कागदाच्या पुडीतून मिळणारी 'गॅरंटीची' भुकटी घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड आहे की आणखी काय, पुडीवर काही लिहिलेलं नसतं.

एमआरआय? मला पहिल्याच आठवड्यात काढायचा होता. डॉक्टर म्हणाले, ताकद शाबूत आहे, सहा आठवडे थांब. नंतर मी वाचलं की ज्यांना काहीच दुखत नाही अशा विशीतल्या लोकांच्याही एमआरआयमध्ये सुमारे ३० टक्क्यांना गादी फुगलेली दिसते. म्हणजे आत्ता हे ऐकणाऱ्या दहा धडधाकट पोरांचे फोटो काढले तर तिघांच्या रिपोर्टात 'डिस्क बल्ज' येऊ शकतो. मग ते तिघे आयुष्यभर कंबर धरून बसतील.

आता घर सोडायची वेळ कधी, ते ऐका. इथे व्हिडिओ थांबवा आणि दुसरं काही चालू असेल तर बंद करा. लघवी अडली, किंवा झालेली कळत नाही. शौचावर ताबा नाही. सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो बधिर झालाय. दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा आलाय. यातलं एकही असेल तर तो दिवसांचा नाही, तासांचा प्रश्न आहे. १०८ ला फोन करा, अकोला किंवा यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजसारखं मोठं रुग्णालय गाठा आणि दारातच 'कंबर दुखते' म्हणू नका. म्हणा, 'लघवी बंद झालीये, पाय बधिर झालेत.' कंबरदुखीची रांग वेगळी असते. काकांसारखा पंजा पडत असेल तर त्याच दिवशी दाखवा. रात्री झोपेतही दुखतं, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय, असं असेल तर ती मणक्याची टीबीसुद्धा असू शकते. तिथे शेक आणि व्यायाम करत बसायचं नाही.

माझं काय झालं? पहिला आठवडा वाईट. दुसऱ्यात मी सकाळ-संध्याकाळ पांदणीनं पंधरा मिनिटं चालायला लागलो. तिसऱ्यात पोटरी सुटली, मांडी राहिली. मोटारसायकल महिनाभर बंद ठेवली, आमच्या रस्त्यांवर तेवढं तरी हवंच. कट्टे त्या हंगामात काका आणि एका मजुरानं मिळून उचलले, मी फक्त मोजले. पाचव्या आठवड्यात हळदीची फोडणी नाकात गेली आणि मी दणकून शिंकलो. भिंत धरायला हात गेला, पण कळ आलीच नाही.

आजी चुलीपाशीच बसली होती. म्हणाली, "पाय, म्या म्हटलं होतं ना. उसणच होती."