पर्यावरणचिन्ह

पर्यावरणचिन्ह : एखादी वस्तू वा सेवा आपल्याच प्रकारच्या इतर वस्तूंच्या मानाने पर्यावरणाची हानी कमी करते, हे ग्राहकास कळावे म्हणून तिच्यावर किंवा तिच्या वेष्टनावर छापण्यात येणाऱ्या अधिकृत खुणेस ‘पर्यावरणचिन्ह’ असे म्हणतात. इंग्रजीत ही खूण ‘इकोलेबल’ या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून पर्यावरणानुकूल वस्तूंची मागणी जगभर वाढत गेली व तिच्याबरोबर अशा चिन्हांचाही प्रसार झाला. आज निरनिराळ्या देशांत मिळून ४५० हून अधिक चिन्हे प्रचलित आहेत.

चिन्हाची गरज : वस्तूची किंमत ग्राहकास तत्काळ कळते, तिचा टिकाऊपणा काही दिवसांच्या वापराने कळतो, परंतु तिच्या निर्मितीत नदीचे पाणी किती दूषित झाले किंवा जंगल किती तुटले, हे ती वस्तू हातात घेऊन अथवा वर्षानुवर्षे वापरूनही कळत नाही. सेंद्रिय कापसाचा सदरा व रासायनिक खतांवर वाढविलेल्या कापसाचा सदरा दिसण्यात व स्पर्शात सारखेच असतात. अशा बाबतीत ग्राहकास उत्पादकाच्या शब्दावर विसंबावे लागते. खरे व खोटे दावे सारखेच दिसू लागले, की प्रामाणिक उत्पादकास त्याच्या वाढीव खर्चाचा मोबदला मिळत नाही आणि तो बाजारातून मागे हटतो. म्हणून पर्यावरणानुकूल वस्तूंचा व्यापार टिकण्यास केवळ मागणी पुरेशी नसते. दाव्याची पडताळणी करणारी तटस्थ यंत्रणाही आवश्यक असते. पर्यावरणचिन्ह हे त्या पडताळणीचे दृश्य रूप होय.

इतिहास : औद्योगिक देशांत पर्यावरणाविषयीची जागृती १९६० नंतर वाढीस लागली. रेचेल कार्सन यांचा कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरील ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला, तर संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरली. जगातील पहिले शासकीय पर्यावरणचिन्ह प. जर्मनीने १९७८ मध्ये सुरू केले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या बोधचिन्हावरून घेतलेल्या निळ्या मानवाकृतीमुळे ते ‘निळा देवदूत’ या नावाने लोकप्रिय झाले. त्याचे निकष ठरविण्याचे काम एका स्वतंत्र पंचमंडळाकडे सोपविण्यात आले असून त्यास संघराज्याच्या पर्यावरण कार्यालयाचे तांत्रिक साहाय्य मिळते. पुनश्चक्रित कागद, विद्रावकाचे प्रमाण कमी असलेले रंग यांसारख्या नित्याच्या वस्तूंना हे चिन्ह मिळाल्याने ते घरोघर पोहोचले. हल्ली ते धारण करणाऱ्या वस्तू व सेवांची संख्या १२,००० हून अधिक आहे.

पुढील दशकातील घटनांनी या चळवळीस वेग आणला. भोपाळची वायुदुर्घटना (१९८४), अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराचा क्षय उघडकीस येणे (१९८५) व चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा अपघात (१९८६) यांमुळे उत्पादनपद्धतींविषयी सर्वसामान्य लोकही साशंक झाले. फवाऱ्याच्या डब्यांतील क्लोरोफ्ल्युओरोकार्बन ओझोनचा नाश करतात हे समजल्यावर अनेक ग्राहकांनी असे डबे घेण्याचे टाळले. वैयक्तिक खरेदीचा संबंध जागतिक प्रश्नाशी जोडला गेल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. १९८८ मध्ये कॅनडाने, तर १९८९ मध्ये जपानने व नॉर्डिक देशांनी आपापली चिन्हे सुरू केली. यूरोपीय समुदायाचे फुलाच्या आकृतीचे चिन्ह १९९२ मध्ये अस्तित्वात आले. त्याच वर्षी रीओ दे जानेरो येथे झालेल्या परिषदेने उपभोगाच्या पद्धतीत बदल करण्याची गरज प्रतिपादन केली. पुढे विशिष्ट संसाधनांसाठीही चिन्हे निघाली, उदा., जंगलांच्या जबाबदार व्यवस्थापनासाठी १९९३ मध्ये ‘फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली.

प्रकार : आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने पर्यावरणविषयक दाव्यांचे तीन प्रकार मानले आहेत. पहिल्या प्रकारात त्रयस्थ संस्था अनेक निकष लावून वस्तूची तपासणी करते व चिन्ह वापरण्याचा परवाना देते. दुसऱ्या प्रकारात उत्पादक स्वतःच एखादा दावा करतो; उदा., वेष्टन पुनश्चक्रित कागदाचे असल्याचे निवेदन. तिसऱ्या प्रकारात वस्तूच्या पर्यावरणीय परिणामांची आकडेवारी ठराविक नमुन्यात प्रसिद्ध केली जाते. ती मुख्यतः उद्योगांच्या व बांधकाम व्यावसायिकांच्या उपयोगी पडते. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने पहिला प्रकार सर्वांत विश्वसनीय, तर दुसरा सर्वांत अधिक आढळणारा आहे. संभ्रमाचे मूळही पुष्कळदा दुसऱ्या प्रकारातच असते.

निकष : पहिल्या प्रकारच्या चिन्हासाठी वस्तूच्या संपूर्ण जीवनचक्राचा, म्हणजे कच्चा माल, उत्पादन, वाहतूक, वापर आणि विल्हेवाट या सर्व अवस्थांचा विचार करतात. कोणत्या अवस्थेत हानी अधिक होते, ते वस्तूनुसार बदलते. कागदाच्या बाबतीत लाकूड व लगदानिर्मिती महत्त्वाची ठरते. वातानुकूलन यंत्राच्या बाबतीत वापरातील वीज व त्यातील शीतकारक द्रव्य यांना महत्त्व असते. केवळ एका अवस्थेकडे पाहून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातल्यानंतर कापडी पिशव्यांचा वापर वाढला. प्लॅस्टिकचा कचरा गटारांत व समुद्रात साचत राहतो, हा दोष कापडी पिशवीत नाही. परंतु कापूस पिकविण्यास व कापड तयार करण्यास पाणी व ऊर्जा पुष्कळ लागत असल्याने, ती पिशवी दीर्घकाळ पुनःपुन्हा वापरली तरच तिचा खरा लाभ पदरात पडतो. दोन-चारदा वापरून टाकून दिलेली कापडी पिशवी पर्यावरणानुकूल म्हणता येत नाही.

भारतातील अनुभव : भारत सरकारने २१ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘इकोमार्क’ ही योजना जाहीर केली. विकसनशील देशांतील अशा आरंभीच्या योजनांपैकी ही एक होती. तिचे बोधचिन्ह म्हणून मातीचा घडा निवडण्यात आला. घडा मातीपासून घडतो, तो भाजण्यास ऊर्जा थोडी लागते व फुटल्यावर तो मातीतच मिसळतो, ही त्यामागील कल्पना होती. साबण व प्रक्षालके, कागद, रंग, वंगण तेले, विद्युत् घट, कापड, सौंदर्यप्रसाधने, वेष्टनसाहित्य इ. वस्तुवर्गांसाठी निकष ठरविण्यात आले. धोरण पर्यावरण मंत्रालयाच्या समितीने आखावे, निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळातील तांत्रिक समितीने सुचवावेत व तपासणी करून परवाना भारतीय मानक ब्यूरोने द्यावा, अशी त्रिस्तरीय रचना करण्यात आली.

योजनेमागील विचार सखोल असूनही तिला प्रतिसाद अत्यल्प मिळाला. फार थोड्या उत्पादकांनी परवाने घेतले आणि घड्याचे चिन्ह बहुसंख्य ग्राहकांच्या दृष्टीसही पडले नाही. याची कारणे योजनेच्या रचनेतच आढळतात. चिन्ह घेणे ऐच्छिक होते व ते मिळविण्यासाठी पर्यावरणीय निकषांखेरीज मानक ब्यूरोचे गुणवत्तेचे निकषही पुरे करावे लागत. तपासणीचा खर्च उत्पादकाने सोसावयाचा, परंतु त्याबदली अधिक खप होईल याची कोणतीच शाश्वती नव्हती. ग्राहकांस चिन्हाची ओळख करून देण्याचे प्रयत्न तोकडे पडले, तसेच शासकीय खरेदीत अशा वस्तूंना अग्रक्रमही मिळाला नाही. याउलट जपानने २००० साली कायदा करून शासकीय संस्थांच्या खरेदीत पर्यावरणानुकूल वस्तूंना प्राधान्य दिले व त्यायोगे मागणीचा एक निश्चित पाया तयार केला.

ऊर्जाबचतीच्या चिन्हास मात्र भारतात चांगले यश लाभले. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने मे २००६ मध्ये विजेच्या उपकरणांना एक ते पाच तारे देण्याची पद्धती सुरू केली. प्रारंभी ती ऐच्छिक होती. २०१० पासून काही प्रकारचे प्रशीतक, खोलीत बसवावयाची वातानुकूलन यंत्रे इ. उपकरणांना ती सक्तीची करण्यात आली. अधिक तारे म्हणजे कमी वीजदेयक, हे गणित कोणत्याही कुटुंबास समजण्याजोगे असल्याने ग्राहक दुकानात ताऱ्यांची चौकशी करू लागला. निकष ठराविक काळाने कडक केले जात असल्यामुळे उत्पादकांनाही सुधारणा करीत राहणे भाग पडते. चिन्हाचा लाभ समाजाबरोबर ग्राहकाच्या स्वतःच्या पदरातही पडला व सर्व स्पर्धकांना एकच नियम लागू झाला, की चिन्ह रुजते, हा निष्कर्ष या दोन योजनांच्या तुलनेतून काढता येतो.

मोठ्या प्रमाणावरील खरेदीने काय साधते, याचे उदाहरण म्हणजे २०१५ मध्ये सुरू झालेली ‘उजाला’ योजना होय. एल्‌ईडी दिव्यांची एकत्रित मागणी नोंदवून निविदा काढल्यामुळे त्यांची खरेदीची किंमत २०१४ मधील सु. ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. या योजनेखाली ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. पर्यावरणानुकूल वस्तू महागच असावयाची, ही समजूत यामुळे चुकीची ठरली.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने इकोमार्कचे नवे नियम अधिसूचित केले. जुन्या योजनेची जागा घेणारी ही पद्धती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ भारतीय मानक ब्यूरोच्या सहकार्याने राबविते.

आंतरराष्ट्रीय व्यापार : श्रीमंत देशांतील ग्राहकांच्या अपेक्षा निर्यातदार देशांतील कारखान्यांना व शेतकऱ्यांना जाऊन भिडतात. जर्मनीने १९८९ मध्ये पेंटाक्लोरोफिनॉल या बुरशीनाशकावर बंदी घातली, तेव्हा भारतातील चर्मोद्योगास आपल्या प्रक्रिया बदलाव्या लागल्या. त्याच देशाने १९९४ मध्ये कर्कजनक अमाइने निर्माण करणाऱ्या काही अ‍ॅझो रंजकांना मज्जाव केल्यावर भारतीय वस्त्रनिर्यातदारांसमोर तसाच प्रसंग उभा राहिला. १९९७ मध्ये भारत सरकारनेही अशा ७० रंजकांवर बंदी घातली. या बदलांचा लाभ कारखान्यांतील कामगारांनाही झाला. तथापि तपासणीचा भार लहान उत्पादकांवर प्रमाणाबाहेर पडतो आणि पर्यावरणाच्या नावाखाली व्यापारास अडसर निर्माण केला जातो, अशी विकसनशील देशांची तक्रार आहे. कासवांच्या रक्षणासाठी अमेरिकेने घातलेल्या कोळंबीच्या आयातबंदीविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ च्या निर्णयात पर्यावरणरक्षणाचा हेतू ग्राह्य मानण्यात आला. परंतु देशादेशांत भेदभाव करणारी अंमलबजावणी अमान्य ठरली.

सेंद्रिय शेतमालासाठी भारताने २००१ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात लहान शेतकऱ्यांना गटाने प्रमाणपत्र घेता येते. देशांतर्गत विक्रीसाठी, शेतकऱ्यांनी परस्परांच्या शेतांची पाहणी करावयाची सहभागी हमी पद्धतीही रूढ झाली आहे.

फसवे दावे : मागणी वाढली, की अनुकरणही वाढते. पर्यावरणाविषयी आस्था असल्याचा केवळ देखावा करण्यास ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. हा शब्द अमेरिकन पर्यावरणवादी जे वेस्टरव्हेल्ड यांनी १९८६ मध्ये योजिला. ‘नैसर्गिक’, ‘हरित’, ‘पृथ्वीस्नेही’ यांसारखी संदिग्ध विशेषणे, कायद्यानेच बंदी असलेला घटक आपल्या मालात नसल्याची जाहिरात, अधिकृत भासणारी स्वनिर्मित चिन्हे हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. यूरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, संकेतस्थळांवरील तपासलेल्या दाव्यांपैकी ४२ टक्के दावे अतिशयोक्त, खोटे वा फसवे असावेत, असे आढळले. प्रत्यक्ष प्रमाणपत्रेही यातून सुटलेली नाहीत. २०२० मध्ये भारतातील सु. २०,००० टन कापूस बनावट प्रमाणपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखविण्यात आल्याचे एका आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने उघड केले. अशा प्रकारांत ग्राहकाचे पैसे तर जातातच. परंतु सर्वांत मोठी हानी खरोखर सेंद्रिय कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची होते, कारण त्याच्या खऱ्या प्रमाणपत्राकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते.

यास आळा घालण्यासाठी भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार पर्यावरणविषयक दावा करणाऱ्याने तो पडताळता येईल अशा पुराव्याने सिद्ध केला पाहिजे व संदिग्ध शब्दांसोबत पुरेसा खुलासा दिला पाहिजे. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निदेशात, प्रमाणन योजनेवर आधारलेली नसलेली वा शासनाने स्थापिलेली नसलेली चिन्हे निषिद्ध ठरविण्यात आली असून त्याचा अंमल २७ सप्टेंबर २०२६ पासून करण्याची तरतूद आहे.

मर्यादा : पर्यावरणचिन्ह तुलना सुलभ करते, ते उपभोग कमी करीत नाही. कमी वीज खाणारे यंत्र अधिक तास चालविल्यास बचत नाहीशी होते, आणि गरज नसताना घेतलेली वस्तू चिन्हांकित असली तरी संसाधने खर्चतेच. शिवाय ग्राहकाच्या सदिच्छेवर सर्व भार टाकणे योग्य नव्हे. शिसेविरहित पेट्रोलसारख्या सुधारणा चिन्हांनी नव्हे, तर कायद्याने सार्वत्रिक झाल्या. जेथे हानी गंभीर व निःसंशय असते, तेथे बंदी वा सक्तीचे मानक आवश्यक असते. जेथे अनेक ग्राह्य पर्यायांमध्ये तरतमभाव असतो, तेथे चिन्हाचे कार्य सुरू होते. ते कार्य निकषांची पारदर्शकता, तपासणीची तटस्थता व लहान उत्पादकांस परवडणारा खर्च या तीन गोष्टींवर अवलंबून असते.