मध्येच दचकणारा संगणक

घरातील दिवा विझला की आपण प्रथम शेजारच्या घरात उजेड आहे की नाही ते पाहतो, मग फ्यूज पाहतो, आणि सर्वांत शेवटी बल्ब बदलतो. संगणकाच्या बाबतीत मात्र ही साधी रीत आपल्याला आठवत नाही. निबंध लिहिता लिहिता पडदा एकाएकी काळा होतो, आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. असे दोनचारदा घडले की कोणीतरी जाणकार सुचवितो, 'सारे पुसून विंडोज नव्याने घाला.' त्या पुसण्यात ताईच्या लग्नाची छायाचित्रे जातात, वर्षभराची टिपणे जातात. आणि पुष्कळदा दुखणे विंडोजमध्ये नसतेच! म्हणून यंत्र दचकू लागताच पहिले काम हे, की आपले लेखन व चित्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. शोध त्यानंतर.

शोधासाठी एक वही पुरे. यंत्र केव्हा बंद पडले, त्या वेळी त्यावर काय चालले होते आणि घरात दुसरे कोणते यंत्र सुरू झाले, एवढे तीत लिहावे. आठवडाभरात बहुधा काही मेळ दिसू लागतो.

प्रथम विजेचा विचार करू. आपल्या घरी २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज येते. संगणकाला ती तशीच चालत नाही. एसएमपीएस नावाची पेटी तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या सरळ प्रवाहात रूपांतर करते व 'पुरवठा ठीक आहे' असा संकेत मुख्य फलकाला सतत देत राहते. तो संकेत क्षणभर तुटला, तरी चुकीचे गणित करण्यापेक्षा यंत्र थांबणे पत्करते. बाहेरची वीज खंडित झाली तर ही पेटी साठवलेल्या शक्तीवर साधारणतः एका आवर्तनाइतका, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका काळ तग धरते. जुनी झाली की तितकाही नाही. पंखा अशा वेळी आपल्या वेगाने फिरतच राहतो, दिवा किंचित मिचकतो. म्हणूनच 'वीज तर गेली नव्हती' ही साक्ष फारशी विश्वसनीय नव्हे.

आमच्या रांध्यासारख्या गावी या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. विहिरीवरचा पंप सुरू होताना त्याची मोटर नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह ओढते, आणि त्याच तारेवरील घरांचा दाब तेवढ्यापुरता खाली येतो. दादरा-नगर हवेलीतला पावसाळाही साधा नसतो. भिजलेल्या फांद्या तारांना घासतात, प्लगच्या पितळी पिना काळ्या पडतात, सॉकेट सैल होते. वहीत 'पंप' हा शब्द वारंवार येऊ लागला, तर चांगला यूपीएस हा उपाय होय. यूपीएस आधीच असेल तर त्याचीच परीक्षा घ्यावी: सारे काम बंद करून त्याचा भिंतीतील प्लग काढावा. संगणक तत्काळ विझला, तर बहुधा आतील बॅटरीचे आयुष्य संपले आहे. ती दोनचार वर्षांत बदलावीच लागते. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये. तिच्यात सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा भार साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. पालींना ही उबदार पेटी फार आवडते, हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक आहे.

दुसरा संशयित म्हणजे उष्णता. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि अशा तापणाऱ्या नळ्यांना थंड ठेवणे हा त्या काळच्या सर्वच संगणकांचा प्रश्न होता. आजचा प्रोसेसर नखाएवढा, पण प्रश्न तोच आहे. तो फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचला की यंत्र बंद होते. जड खेळ चालू असतानाच यंत्र दचकत असेल, तर प्लग काढून कॅबिनेट उघडावे, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नये.

आता विंडोज दोषी आहे की नाही, हे ठरविण्याची एक सुंदर युक्ती सांगतो. यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून (कळ यंत्रागणिक बदलते) बायोसच्या पडद्यावर जावे आणि ते अर्धा तास तसेच राहू द्यावे. तेथे विंडोज अद्याप जागेच झालेले नसते. तरीही यंत्र दचकले, तर विंडोज पुसणे व्यर्थ. दोष वीज, उष्णता, रॅम, मुख्य फलक किंवा गंजून अडकलेली कळ यांपैकी कोठेतरी आहे. ते शांत राहिले, तर मात्र यंत्रभाग निर्दोष ठरत नाहीत, कारण तेथे श्रम फार थोडे असतात.

दोष प्रणालीचाही असतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. तो शिरलेल्या संगणकांवर साठ सेकंदांची उलटी गणती दिसे आणि यंत्र पुन्हा सुरू होई. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले, आणि आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. तो निळा पडदा खरे तर उपकारक आहे, कारण त्यावर दोषाचे नाव असते. परंतु विंडोज ते वाचण्यापूर्वीच पुन्हा सुरू होते. 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'पुढील खूण काढली, म्हणजे पडदा स्थिर राहतो व नाव वहीत उतरविता येते. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद आढळली, तर तिने बुजू नये. यंत्र नीट बंद न होता थांबले, एवढेच ती सांगते. का थांबले, ते नव्हे.

निळ्या पडद्यावरील नावे दर वेळी निराळी येत असतील तर संशय रॅमवर घ्यावा. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ बसतो. प्लग काढून, धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसाव्यात. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक बसवून दोनदोन दिवस यंत्र चालवावे. एवढ्यानेही न भागले, तर यंत्र सिल्व्हासाच्या कारागिराकडे न्यावे आणि वही बरोबर द्यावी. 'मध्येच बंद पडतो' एवढेच ऐकणारा कारागीर दिवसभर वाट पाहत बसेल. 'पंप लागताच बंद पडतो' हे वाचणारा प्रथम एसएमपीएस बदलून पाहील.