पहिला पाऊस, मैलापाणी आणि नदीकाठची विहीर

पावसाळा लागला की नदी धुऊन निघते, अशी पुष्कळांची समजूत आहे. मोठ्या शहराच्या खालच्या अंगास असलेल्या गावांना ही समजूत घातक ठरते. पहिल्या जोराच्या पावसानंतरचे काही दिवस तेथील पाण्याच्या दृष्टीने विशेष धोक्याचे असतात.

पुण्याचे उदाहरण घेऊ. पुण्यातील संगमानंतर मुळा-मुठा नदी मांजरी, थेऊर या भागांतून वाहत जाऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. भीमेचे पाणी पुढे उजनी जलाशयात साठते. म्हणजे शहरात जे सांडते ते काठच्या शेतकऱ्याच्या दारावरून जाते.

मैला नदीत कसा येतो?

शहरातील मैलापाण्याच्या नळांत पावसाचे पाणी झाकणांतून, फुटक्या सांध्यांतून व चुकीच्या जोडण्यांतून शिरते. नळ तुडुंब भरले म्हणजे झाकणे उचलली जाऊन मैला रस्त्यावर व ओढ्यात येतो. वीज जाऊन पंप बंद पडल्यास तो शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय उन्हाळाभर गटारांच्या तळाशी बसलेला गाळ पहिल्या लोंढ्याबरोबर उपसून निघतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास पूर आला, तेव्हा शहरातील ओढा काही तासांत केवढे पाणी नदीकडे लोटतो हे सर्वांनी पाहिले.

परिणाम

मैल्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो व मासे मरतात. पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे जंतू पाण्याबरोबर पसरतात. काठच्या विहिरीवर पंप जोराने चालविल्यास नदीचे पाणी मुरुमातून व खडकाच्या भेगांतून विहिरीकडे ओढले जाते. ते गाळून आल्यामुळे स्वच्छ दिसते. परंतु त्यातील जंतू नाहीसे झालेले असतीलच असे नाही. मैल्यामुळे नायट्रेटही वाढते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांस अपायकारक असते आणि उकळल्याने ते जात नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. पहिल्या मोठ्या पावसानंतर काठच्या विहिरीचे पाणी तपासून घेईपर्यंत उकळून प्यावे. तान्ह्या मुलांसाठी दुसऱ्या खात्रीच्या ठिकाणचे पाणी आणावे.

२. विहीर निर्जंतुक करावी. ताज्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरचे प्रमाण १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम धरावे. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाणी ५ मीटर खोल असल्यास पाणी सुमारे ६२,८०० लिटर भरते; त्यास १५७ ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ असल्यास अधिक लागते. तासाभराने दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असल्याची खात्री गावच्या जलसुरक्षकाकडून करून घ्यावी.

३. मैलापाण्यात नत्र असते, म्हणून ते खत समजून कोथिंबीर, कांद्याची पात, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मालास देऊ नये. ऊसास द्यावयाचे झाल्यास सरीतून द्यावे. तुषार सिंचन करू नये. पाणी देताना गमबूट घालावेत व काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवावेत.

४. नदीवर तवंग, फेस किंवा मेलेले मासे दिसल्यास जनावरांना तेथे पाणी पाजू नये.

पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेस पोहोचवावा. हे काम ग्रामपंचायतीच्या मदतीने दरवर्षी मृगाच्या पावसाबरोबरच करण्याचा परिपाठ प्रत्येक काठच्या गावाने ठेवावा.