लगाम हाती घेताना

घोडा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? आमच्या धाराशिवकडच्या बाईला विचाराल तर ती दोनच गोष्टी सांगेल. एक वरातीतली घोडी, झूल पांघरलेली, बँडच्या गोंगाटात मान खाली घालून चालणारी. आणि दुसरा खंडोबाचा घोडा. आमच्या तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग अशी दोन गावे आहेत. खंडोबाची मूर्ती वर्षाचा काही काळ एका गावी आणि काही काळ दुसऱ्या गावी मुक्कामाला असते. पौष पौर्णिमेला नळदुर्गची मोठी यात्रा भरते. खंडोबाचा टाक इकडच्या किती तरी घरांच्या देव्हाऱ्यात असतो. नीट पाहा, देव घोड्यावर बसलेला असतो आणि म्हाळसाही त्याच घोड्यावर असते. म्हणजे बाईने घोड्यावर बसणे आपल्या देवघराला नवे नाही, आपल्यालाच नवे झाले आहे!

बाकी आमचा जिल्हा प्रसिद्ध आहे तो शेळीसाठी. जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले, पण 'उस्मानाबादी शेळी'ने आपले जुने नाव काही सोडलेले नाही.

तर गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या सातवीतल्या मुलीने हट्ट धरला, "आई, मला घोड्यावर बसायला शिकायचंय." घरात एकच गहजब झाला. सासरे म्हणाले, "पोरीच्या जातीला हातपाय मोडून घ्यायची हौस कशाला?" यजमान काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांचेही मत तेच. माझी मुलगी हुशार आहे हो, पण चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. उत्तर येत असले तरी वर्गात हात वर करणार नाही. मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका आहे, असली मुले मला रोज दिसतात. वाटले, एवढी गप्प पोर पहिल्यांदा काही तरी मागते आहे, तर नाही कशाला म्हणायचे? पुण्याला माझी धाकटी बहीण असते. तिच्या घरापासून जवळच घोडेस्वारीची एक शाळा आहे. पंधरा दिवस तिथे मुक्काम ठोकला.

रोज पहाटे साडेपाचला मी रिंगणाच्या कठड्याशी उभी असे. शिकणारे सगळे हौशी. एक बँकेतले साहेब, कॉलेजातली दोन मुले, चाळिशीच्या एक गृहिणी आणि पाच-सहा शाळकरी पोरे. मला वाटले होते, पहिल्या दिवशी घोड्यावर बसवतील. छे! पहिल्या दिवशी हातात दिला खरारा. घोड्याच्या अंगावरची धूळ काढायची, खूर उचलून त्यातली माती खरवडायची, पाणी दाखवायचे. बँकेतल्या साहेबांचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. पण त्या एका तासात शिकणाऱ्याला जे कळते ते पाठीवर बसून कळत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र अगदी पाठीमागचे आणि कपाळाच्या थेट समोरचे दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप गेलात तर लाथ बसते. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरते, इतके त्याचे अंग हळवे. आणि कान तर बोलतातच म्हणा ना. पुढे वळले तर लक्ष आहे, मागे चिकटले तर राग आहे.

आता लगामाची गोष्ट ऐका. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते, तिथे नुसती हिरडी असते. लगामाची लोखंडी कडी बसते ती त्या उघड्या हिरडीवर. नवखा माणूस तोल गेला की काय करतो? लगाम धरून लोंबकळतो. म्हणजे चारशे-पाचशे किलोच्या त्या जनावराला आपण तोंडात दुखवतो, आणि वर म्हणतो की घोडा अडेल आहे. म्हणून त्या शाळेत पहिले काही दिवस लगाम हातात देतच नाहीत. शिकवणारे गुरुजी लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवतात आणि वर बसणाऱ्याने दोन्ही हात पंखासारखे पसरायचे. हाताने धरून बसायची सवय मोडली की मांड आपोआप बसते. बँकेतल्या साहेबांना हे फार जड गेले. त्या चाळिशीच्या बाईंना मात्र लवकर जमले. मी विचारले तर हसून म्हणाल्या, "अहो, तीन पोरं कडेवर घेऊन लोकलमध्ये उभी राहिलेय मी, मुंबईला."

घोड्याला माणसाच्या मनातले कळते असे जुनी माणसे म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. त्याच्या मालकाचे नाव फॉन ओस्टन, पेशाने शिक्षक. (शिक्षकाला घरीही शिकवल्याशिवाय चैन पडत नाही, हे जर्मनीतही खरे!) बेरजा-वजाबाक्या घातल्या की हान्स खूर आपटून बरोबर उत्तर देई. मोठमोठे विद्वान चक्रावले. शेवटी ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ साली त्याचा उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुकत असे. तो गणित करत नव्हता, माणसाकडे पाहत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान, चेहरा किंचित हलायचा आणि हान्स थांबायचा. गंमत म्हणजे आपण हललो हे त्या माणसाला स्वतःलाही कळत नसे.

स्वीडनमध्ये झालेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला, तोही असाच. काही माणसांनी घोड्यांवर बसून, काहींनी घोडे हाताने धरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा जायचे होते. चौथ्या खेपेपूर्वी त्यांना सांगितले, आता वाटेत एक छत्री फटकन उघडणार. माणसाच्या आणि घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजत होते. त्या खेपेला दोघांचेही ठोके वाढले. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नव्हती! माणसाच्या धास्तीचीच बाधा घोड्याला झाली होती.

हे वाचताना मला आपलीच घरे आठवली. परीक्षेच्या सकाळी आपण तोंडाने म्हणतो, "घाबरू नकोस बाळा," आणि हाताने डब्याचे झाकण तीनदा उघडून लावतो. पोरे काय ऐकतात, झाकण की शब्द?

रिंगणात हे रोज दिसे. गुरुजी ओरडून सांगायचे, "श्वास सोडा, आधी श्वास सोडा!" शेवटचे चार दिवस मीही बसले. पोट सैल सोडून लांब श्वास टाकला की खालची घोडी आपोआप हळू होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. आवाज चढवायची गरज पडत नाही. तिला सांगायचे ते एकदाच, स्पष्ट, आणि तिने ऐकले की त्याच क्षणी लगाम सैल करायचा. ऐकल्यानंतरही ओढत राहिलात तर पुढच्या वेळी ती कशाला ऐकेल? माझी मुलगी आधी पुटपुटल्यासारखे "थांब, थांब ना" म्हणायची आणि घोडी खुशाल चालत राहायची. आठव्या दिवशी पाठ सरळ करून एकदाच "थांब" म्हणाली. थांबली की हो घोडी! आता ती वर्गात हात वर करते का, असे विचाराल तर अजून फारसे नाही. पण घरी धाकट्या भावाला "थांब" एकदाच म्हणते, आणि तो थांबतो.

नवव्या दिवशी ती पडली. दुडकी चालताना तोल गेला आणि थेट वाळूत. डोक्यावर शिरस्त्राण होते, मनगट मात्र मुरगळले. माझे पाय लटपटले. गुरुजींनी आधी तिला हलू दिले नाही, मान-पाठ विचारून मगच उठवले. रात्री घरी फोन केला. यजमान म्हणाले, "उद्याच्या गाडीने निघा." मग सासूबाईंनी फोन घेतला. त्यांच्या वडिलांकडे तट्टू होते, बाजाराला त्यावरूनच जायचे. त्यांनी एवढेच विचारले, "घोड्यानं पाय दिला का अंगावर?" मी म्हटले, "नाही, चुकवून गेला." "मग राहू दे पोरीला. शहाणं आहे जनावर." सासूबाईंपुढे यजमान काय बोलणार? दोन दिवस विश्रांती, मनगटाला पट्टी, आणि बाराव्या दिवशी ती परत रिंगणात. पडण्याचा धोका खोटा नाही, मैत्रिणींनो. डोक्याला मार लागून आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. जिथे शिरस्त्राणाशिवाय बसवतात तिथून तुम्ही सरळ घरी या.

बायकांनी घोड्यावर बसणे हे परदेशी खूळ आहे असे कुणी म्हणाले, तर त्यांना बायजाबाई शिंद्यांची गोष्ट सांगा. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही लेक, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची राणी. १८३५ साली त्या फत्तेगडला असताना फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांच्याकडे येत-जात असे. इंग्रज बायका तेव्हा दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून खोगिरावर बसत. आपल्या मराठी बायका मात्र कासोटा घालून, दोन बाजूंना पाय टाकून बसत. त्यांना त्या मडमेच्या तिरक्या बसण्याचे हसू आले. तिने मग मराठी पोशाख करून आपल्या पद्धतीने बसून पाहिले, आणि १८५० साली छापलेल्या प्रवासवर्णनात ते सारे लिहूनही ठेवले. नऊवारीची ही सोय आपण विसरलो, इतकेच.

ऑलिंपिकमध्ये तर ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात १९५२ पर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता. लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ तो. त्या वर्षी हेलसिंकीला डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवले. १९४४ साली, पोटात मूल असताना, त्यांना पोलिओ झाला होता. गुडघ्यांखाली पाय लुळेच राहिले. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागे. ज्या खेळात टाचेने घोड्याला इशारा करतात त्यात या बाई मांड्यांच्या आणि पाठीच्या हालचालीवर 'ज्युबिली' नावाची घोडी चालवीत. १९५६ साली त्यांनी पुन्हा रौप्यपदक घेतले. आजही या खेळात बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात, वेगळी रांग नसते. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले, त्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या, आणि मुंबईचा हृदय छेडा होता.

आपल्या महाराष्ट्रात शिकायची सोय काही कालची नाही. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावरचा 'अमॅच्युअर रायडर्स क्लब' १९४२ पासूनचा. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवतात, ती शाळा १९३७ सालची. मुलींसाठी पुण्याजवळ कासार आंबोलीला राणी लक्ष्मीबाई सैनिकी शाळा आहे, १९९७ साली निघालेली. आपल्या गावात सोय नसेल तर सुटीत मामाच्या किंवा मावशीच्या गावी चौकशी करावी.

चौकशी करताना फी नंतर विचारा, आधी तबेल्यात जा. खोगिराखाली पाठीवर जखमा आहेत का, पाण्याची टाकी शेवाळलेली आहे का, समोर गवत आहे का, हे पाहा. घोड्याचे पोट लहान असते, त्याला थोडे थोडे आणि वारंवार खायला लागते. शिवाय त्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते. जिथे घोडा उपाशी तिथे शिकवणेही तसलेच असणार, असे माझे मत आहे. कपडे साधेच चालतात. चुडीदार किंवा घट्ट पँट, पण ओढणी आणि बांगड्या घरी ठेवा. पायात थोड्या टाचेचा बंद बूट हवा, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. गरोदर असाल, कंबरेचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका.

आणि घरून गुळाचा एक खडा न्या. गुरुजींना विचारून मगच द्यायचा. चिमटीत धरून देऊ नका. तळहात सपाट पसरा, बोटे जुळवून, अंगठा चिकटवून. घोड्याला आपल्या तोंडाखालचे दिसत नाही, ओठांवरच्या केसांनी चाचपत तो खडा अलगद उचलून घेतो.