पाचोळ्यातला सोनेरी भुंगेरा

पाचोळा चाळणीत पसरून वर दिवा लावला की उष्णतेपासून पळणारे कीटक खालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. पण नवी जात ओळखली जाते ती बहुतेकदा संग्रहालयात, तीही फार उशिरा. विल्यम ब्लॉक यांनी १९६४-६५ मध्ये केनियात गोळा केलेले मातीतले कीटक लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये होते. कीटक अभ्यासक मायकेल डार्बी यांना त्यांत जेमतेम ०.७९ मिलिमीटरचा, डोळे आणि पंख नसलेला, फिकट सोनेरी भुंगेरा आढळला. एवढ्याशा जिवाची जात नुसत्या बाह्यरूपावरून ठरत नाही. काचपट्टीवर विच्छेदन करून जननेंद्रियांची ठेवण तपासावी लागते. २०१९ मध्ये पर्यावरण कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्गच्या सन्मानार्थ त्याचे ‘नेलोप्टोडीस ग्रेटी’ असे नामकरण झाले. असे जुने नमुने जिवापाड जपायलाच हवेत.