अ‍ॅव्हरेज कुठून येतं?

सायलेन्सरमधून काळा धूर सोडत जाणारी पिकअप ताकदवान वाटते. प्रत्यक्षात तो धूर म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेलं, पण सिलिंडरमध्ये नीट न जळलेलं डिझेल. अमेरिकेत पिकअपचे काही शौकीन हा धूर मुद्दाम काढतात. त्याला तिथे ‘रोलिंग कोल’ म्हणतात आणि कोलोरॅडो, न्यू जर्सीसारख्या राज्यांनी त्यावर बंदी घातली आहे. याच गाड्यांसाठी तिथे ट्यूनिंगचा मोठा बाजार उभा राहिला. गाडीचा जोर वाढेल आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल, असं तिथे छातीठोकपणे सांगितलं जातं. हा दावा अगदीच खोटा नाही, म्हणूनच तो तपासून पाहायला हवा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेलं इंधन आपोआप पेट घेतं. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहा-बारा पटच दाबली जाते. दाब जास्त, तर उष्णतेतून मिळणारं कामही जास्त. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७मध्ये आउग्सबुर्गला चाचणी झाली, तेव्हा त्याची कार्यक्षमता २६ टक्के भरली. त्या काळची बहुतेक वाफेची इंजिनं याच्या निम्म्यावरही पोचत नव्हती. आजचं चांगलं पिकअप इंजिन सोयीच्या वेगावर आणि लोडवर ४० टक्क्यांच्या आसपास जातं.

डिझेलचं आणखी एक वैशिष्ट्य ट्यूनिंगवाल्यांच्या पथ्यावर पडतं. पेट्रोल गाडीत आपला पाय हवेची झडप उघडतो. डिझेलमध्ये हवा बहुतांशी मोकळी आत येते आणि पाय फक्त इंधन किती जायचं ते ठरवतो. मग इंधन वाढवलं की जोर वाढला! १९८९ सालच्या डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं, १६० अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्याच्या पंपाचा स्क्रू फिरवून लोक ताकद वाढवून घेत. (कमिन्स हे नाव पुण्याला नवं नाही; किर्लोस्कर कमिन्स तिथे १९६२मध्ये सुरू झाली.) पंप ‘वाढवून देणारे’ मिस्तरी आपल्याकडेही होतेच.

पण स्क्रूला मर्यादा आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, हा झाला कागदावरचा हिशोब. सिलिंडरमध्ये इंधन आणि हवा मिसळायला काही मिलिसेकंदच मिळतात, त्यामुळे धूर टाळायचा तर यापेक्षा बरीच जास्त हवा हाताशी लागते. ती न वाढवता इंधन ओतत गेलं की काजळी होते आणि बाहेर पडणारे वायू भलतेच तापतात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि अनेक इंजिनांचे पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. म्हणून जाणकार ट्यूनर आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवतात आणि मगच इंधनाला हात लावतात.

१९९७मध्ये अल्फा रोमिओ १५६मधून कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच सामाईक नळीतून दाबाखाली इंधन देणारं तंत्र, कारच्या बाजारात आलं आणि स्क्रूची जागा सॉफ्टवेअरने घेतली. आताच्या इंजिनांत इंधनाचा दाब दोन हजार बारच्याही पुढे जातो. कोणत्या वेगाला, किती लोडला, कोणत्या क्षणी आणि किती इंधन सोडायचं, याचे तक्ते गाडीच्या संगणकात भरलेले असतात. ट्यूनर लॅपटॉप जोडून हे तक्ते बदलतो. टर्बोचा दाब वाढवतो, इंधन वाढवतो आणि टायमिंग पुढे घेतो.

अ‍ॅव्हरेजचं खरं मर्म या टायमिंगमध्ये आहे. इंधन थोडं आधी पेटलं, तर पिस्टन टॉपला असतानाच बरीचशी उष्णता मोकळी होते आणि पिस्टनला खाली ढकलायला तिला पूर्ण अंतर मिळतं. तेवढ्याच डिझेलमध्ये काम जास्त होतं. मग कंपनी हे स्वतःच का करत नाही?

कारण आधी पेटलेलं इंधन जास्त गरम ज्वाला देतं. ज्वालेचं तापमान दीड हजार अंशांच्या वर गेलं, की हवेतला एरवी निवांत असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळू लागतो. ही प्रक्रिया सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी उलगडली. तापमान थोडं वाढलं तरी तिचा वेग झपाट्याने वाढतो. यातून होणारे नायट्रोजन ऑक्साइड फुप्फुसांना घातक असतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो. ते टाळायला कंपनी टायमिंग मागे ठेवते आणि जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडते. त्यामुळे ज्वाला थंडावते, पण काजळी वाढते. ती अडवायला फिल्टर लावावा लागतो. फिल्टर भरला की सुमारे ६०० अंशांवर काजळी जाळायला जादा डिझेल खर्च होतं. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं अ‍ॅव्हरेज कमी होत जातं.

फिल्टर काढून, वायूची परतवाट बंद करून जे अ‍ॅव्हरेज ‘मिळतं’, ते याच पायऱ्यांवर कमी झालेलं असतं. त्याची किंमत रस्त्याकडेची माणसं श्वासातून मोजतात आणि मला हा सौदा अन्यायाचा वाटतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२०मध्ये अंदाज मांडला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा काढून टाकली गेली. या गाड्या त्यांच्या आयुष्यात ५ लाख ७० हजार टनांहून जास्त जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत सोडतील.

यातून सुटण्याची वाटही इंजिनिअरांनीच काढली, आणि डिझेलच्या अलीकडच्या इतिहासातली ही मला सर्वांत देखणी कल्पना वाटते. सिलिंडरमध्ये नायट्रोजन ऑक्साइड होऊ द्यायचे आणि बाहेर पडताना त्यांच्यावर ३२.५ टक्के युरियाचं द्रावण फवारायचं. उष्णतेने युरियातून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकावर या विषारी वायूंचं साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ यांत रूपांतर होतं. इंजिनावरचं ज्वाला थंड ठेवण्याचं ओझं बरंच हलकं होतं, टायमिंग पुन्हा पुढे घेता येतं. रॅम पिकअपमध्ये ही यंत्रणा २०१३च्या मॉडेलपासून आली. अ‍ॅव्हरेजसाठी युरियाची टाकी निकामी करणारे लोक अ‍ॅव्हरेज वाढवणारी गोष्टच काढून टाकतात. दुर्दैवाने याच रॅम गाड्यांच्या इंजिनांमध्ये चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर असल्याचा आरोप खुद्द कमिन्सवर झाला. २०२३च्या अखेरीस कंपनीने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. गैरकृत्य मात्र मान्य केलं नाही.

कोणाच्याही श्वासावर न येणारं अ‍ॅव्हरेज इंजिनाबाहेर बरंच पडलेलं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ११० ऐवजी ९०ने गेलं तर तो एक तृतीयांशाने कमी होतो. गाडी उंच करणं आणि रुंद टायर बसवणं थेट डिझेल खातं. मागचा फाळका पाडून ठेवला तर हवा मोकळी जाते, ही समजूत विंड टनेलमध्ये टिकली नाही. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकत जाते.

आपल्याकडे एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाल्यावर पिकअपमध्येही फिल्टर आले, आणि ते काढून देतो म्हणणारेही आले. पीयूसी काढताना डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा तपासतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. एक्झॉस्टमधून निघणाऱ्या या वायूचा मोठा भाग रंगहीन असतो. टायमिंग पुढे घेतलेली गाडी म्हणूनच धूर न टाकता तपासणीतून पार होऊ शकते. ती पकडायची, तर तपासणी केंद्रावर हा वायू मोजणारी यंत्रं बसवावी लागतील.