कोंबडी गोगलगाईचा बंदोबस्त करते काय?

कोकणात पाऊस स्थिरावून परसातील जमीन ओलीगच्च झाली आणि खुराड्याजवळच्या दाणापात्राच्या काठावर सकाळी चकचकीत, चंदेरी माग दिसू लागले, की ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो : ‘कोंबड्या आहेत ना, त्याच टिपून खातील, तुम्ही कशाला हात घालता?’ हा सल्ला इतक्या वारंवार आणि अशा अधिकारवाणीने दिला जातो, की त्याच्या मुळाशी निरीक्षण किती आणि आळस किती, याची एकदा चौकशी करणे प्राप्त आहे.

पहिली हरकत वेळेची. कोंबडी दिवेलागणीला खुराड्यात शिरते, कारण अंधारात तिला जवळजवळ दिसत नाही. आणि अंगातील ओलावा जपणे भाग असलेली बिनशंखाची गोगलगाय नेमकी त्याच सुमारास बाहेर पडून रात्रभर कोंडा, कणी, भिजवलेले खाद्य यांवर ताव मारते आणि उजाडण्यापूर्वी पात्राच्या बुडाशी दडते. भक्षक निजलेला आणि भक्ष्य जागे असताना बंदोबस्त कोणी कोणाचा करावा? सकाळी पात्र उचलताच सापडणारी ती बोटभर, करडी, चामड्यासारख्या पाठीवर फिकट रेघ असलेली, मूळची आफ्रिकेतील परंतु आपल्याकडे पुरती रुळलेली जात तर कोंबडी बहुधा एक टोच मारून सोडून देते आणि बुळबुळीत झालेली चोच जमिनीवर घासत राहते.

लहान गोगलगाय मात्र ती गिळते, आणि खरा धोका तेथेच आहे. ‘डॅव्हेनिया प्रोग्लॉटिना’ हा जेमतेम 4 मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कोंबडीच्या विष्ठेतून गोगलगाईत जातो, तिच्या शरीरात वाढतो आणि ती गोगलगाय खाणाऱ्या कोंबडीच्या लहान आतड्याला जाऊन चिकटतो. कोणास ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर त्याने मर्कचा पशुवैद्यकीय संदर्भग्रंथ उघडून पाहावा. कोंबडीला धापा टाकावयास लावणाऱ्या श्वासनलिकेतील कृमीच्या वाहकांतही तेथे गोगलगाईची गणना आहे. तात्पर्य, ज्याला इलाज म्हणून मिरवले जाते, तेच रोगाचे प्रवेशद्वार ठरू शकते.

आता किरकोळ समजुतींचा निकाल लावू.

‘पात्राभोवती मीठ पसरा.’ मिठाने गोगलगाय मरते हे खरे; पण पावसात ते विरघळून जाते आणि कोंबडीने, विशेषतः पिलांनी, ते अधिक टिपल्यास विषबाधा होते.

‘गोगलगाईच्या औषधी गोळ्या टाका.’ या गोळ्यांतील मेटाल्डिहाइड कोंबड्या-कुत्र्यांनाही विषारीच आहे. पक्ष्यांना व इतर वन्यजीवांना असलेला धोका ध्यानी घेऊन ब्रिटनने 2022 मध्ये त्याचा उघड्यावरील वापर बंद केला.

‘अंड्याची टरफले किंवा तांब्याची पट्टी लावा.’ ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये बागेत या दोहोंची परीक्षा घेतली. दोन्ही निरुपयोगी ठरली.

‘हाताने उचलायला काय हरकत?’ उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगाईत असू शकतात आणि त्या चुकून माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते; म्हणून चिमटा वापरावा, हात साबणाने धुवावेत.

मग करावे काय? तजवीज अगदी साधी आहे. कोंबड्या खुराड्यात जाताच उरलेला दाणा उचलून झाकणाच्या डब्यात ठेवावा, पात्र धुऊन कोरडे करावे; भिजवलेले खाद्य सकाळीच, तेही तासाभरात संपेल इतकेच द्यावे. खुराड्याभोवतीचे गवत, पालापाचोळा, विटांचे ढीग हलवावेत. रात्री थोड्या अंतरावर ओले गोणपाट अंथरून ठेवावे आणि कोंबड्या सोडण्यापूर्वी त्याखाली जमलेल्या गोगलगाई चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. रात्री दाणा उघडा ठेवणे म्हणजे गोगलगाईंना आपणच निमंत्रण देणे होय. ते बंद करणे हे धन्याचे काम आहे, कोंबडीचे नव्हे.